आधी टायर, मग डबा, मग अ‍ॅक्सल : ऐरोलीतल्या एका जिप्सीचं प्रकरण

गाडी एमजी ४१३ डब्ल्यू, म्हणजे जिप्सी किंग. १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, ८० अश्वशक्ती, १०३ न्यूटन-मीटर टॉर्क आणि तोही ४५०० फेऱ्यांना. मागेपुढे सलग अ‍ॅक्सल, चारही कोपऱ्यांना पाटे. पासिंग एमएच ४३. मालक ऐरोलीत राहणारा तरुण, नोकरी महापेत. सोमवार ते शुक्रवार गाडी सोसायटीत उभी असते. शनिवारी पहाटे शीळफाटा, कल्याण, मुरबाड करत टोकावड्याच्या पुढे मामाच्या शेतावर जाते. खरं काम तिथेच असतं: बियाणं, खत, पंप, पाइप, कधी सिमेंटच्या गोण्या. रस्ता शेताच्या बांधापर्यंत पोहोचत नाही, म्हणून जिप्सी घेतलेली. मौज म्हणून चालवणं त्यानंतर आलं.

त्याने माझ्यासमोर यादी ठेवली. ३१ इंची टायर. ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या आणि हाय-लो असे दोन गिअर देणाऱ्या डब्यात, परदेशी गिअरचा संच. दोन्ही अ‍ॅक्सलना लॉकर, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारं कुलूप. पाटे अ‍ॅक्सलच्या खालून काढून वर बसवायचे, म्हणजे गाडी सुमारे ५ इंच उचलली जाते. "दादा, सगळं एकदम जमणार नाही. आधी काय करू?"

माझं काम वागळे इस्टेटमध्ये गिअर कापण्याचं, त्यामुळे अशा याद्या माझ्याकडे येतात. बहुतेक जण "काय घेऊ" विचारतात, याने "आधी काय" विचारलं. ट्रान्सफर केस आणि अ‍ॅक्सलच्या कामात सगळं या क्रमावरच अवलंबून असतं. एक बदल दुसऱ्याला ओढत आणतो, आणि चुकीच्या टोकाने सुरुवात केली तर तेच हाऊसिंग, म्हणजे गिअरचं कवच, दोनदा उघडावं लागतं.

गाडी नेमकी कुठे अडते

यादी बाजूला ठेवून आम्ही शेतावर गेलो. गाडी अडते त्या जागा तीनच होत्या, आणि तिन्हींची कारणं वेगळी निघाली.

पहिली जागा भातखाचरांच्या मधली वाट. पावसात तिथे पोटरीपर्यंत चिखल होतो. गाडीला रस्त्याच्या नक्षीचे २०५/७० आर १५ टायर होते. त्यांच्या खाचा दोन फेऱ्यांत मातीने भरायच्या आणि चाक गुळगुळीत होऊन जागेवर फिरायचं. इथे गिअरचा संबंध नाही.

दुसरी जागा ओढा. काळ्या बसाल्टचे गोटे, काही टोपलीएवढे. मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरचा, गोळा त्यांच्यावर आपटायचा, हाऊसिंगच्या तळाला खरचटल्याच्या ताज्या खुणा होत्या. जिप्सीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर. इथे पाटे उचलून काय उपयोग? पाटे उचलले की चॅसी वर जाते, गोळा जिथे आहे तिथेच राहतो. सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत गोळा वर नेण्याचा एकच मार्ग, मोठं चाक.

तिसरी जागा ओढ्यानंतरची मुरमाची चढण. मध्ये दोन पायऱ्या पडलेल्या. लो-फर्स्टमध्येही, म्हणजे ट्रान्सफर केस लोमध्ये आणि गिअर पहिला असताना, गाडी इथे हळू चढत नव्हती. हळू घेतलं तर इंजिन बंद पडायचं, जोरात घेतलं तर पुढचा पाटा खडकावर आदळायचा. म्हणून मालक अर्धा क्लच दाबून चढवायचा, आणि वर पोहोचेपर्यंत क्लचचा जळका वास यायचा. गिअरचा प्रश्न फक्त या तिसऱ्या जागेचा होता.

म्हणजे खाचराला नक्षी हवी, ओढ्याला चाकाची उंची आणि चढणीला गिअर. यादीतल्या चार महागड्या गोष्टींपैकी लॉकर आणि ५ इंचांची उचल यांना या तीन जागांवर ठोस काम दिसेना. ओढ्यात कधीतरी एक चाक लोंबकळतं तेवढंच, त्याबद्दल पुढे येईलच.

आकडे

हिशेबाआधी गाडीतले रेशो खात्रीचे हवेत. जुन्या जिप्सीत कुणी काय बदललं असेल सांगता येत नाही. त्यासाठी हाऊसिंग उघडावं लागत नाही. पुढच्या चाकांना ओट लावायची, मागची दोन्ही चाकं जॅकवर घ्यायची, गिअर न्यूट्रलला, प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण. मग दोघांनी दोन्ही चाकं एकाच वेळी बरोबर एक फेरा फिरवायची आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. एकच चाक उचललं असेल तर ते दोन फेरे फिरवायचं, कारण डिफरन्शियल उघडं, म्हणजे लॉक नसलेलं, असतं. आमच्याकडे शाफ्ट चार फेऱ्यांना जराशी कमी फिरली. म्हणजे ३.९०९, आतल्या मोठ्या गिअरला, क्राऊनला, ४३ दाते आणि त्याला फिरवणाऱ्या लहान गिअरला, पिनियनला, ११. पुढच्या अ‍ॅक्सललाही तेच. हे ताडून घ्यावंच, कारण मागेपुढे रेशो वेगळे असतील तर फोर व्हील टाकताच दोन अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि कुठलातरी दाता जातो.

बाकीचे आकडे कंपनीचेच होते. पहिला गिअर ३.६५२, ट्रान्सफर केस हायमध्ये १.४०९, लोमध्ये २.२६८. लो-फर्स्टचा एकूण गुणाकार ३.६५२ × २.२६८ × ३.९०९, म्हणजे ३२.४. इंजिन ८५० फेऱ्यांवर नुसतं घुमत असताना मूळ टायरवर ताशी ३.३ किलोमीटर. माणूस सावकाश चालतो त्या वेगाच्या जवळपास. ऐकायला पुरेसं वाटतं, पण १०३ न्यूटन-मीटर ४५०० फेऱ्यांना मिळतात, आणि लो-फर्स्टमध्ये ४५०० फेऱ्या म्हणजे ताशी साडेसतरा किलोमीटर. त्या वेगाने पायरी कुणी चढत नाही. मधली पोकळी क्लच भरून काढतो, स्वतः जळून. चढणीवरच्या वासाचं कारण हे.

आता टायर. २०५/७० आर १५ चा व्यास ६६८ मिलिमीटर, २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३३, आणि ३१ इंची म्हणजे ७८७. २३५ घातला तर गोळा ३३ मिलिमीटर वर येतो. गाडी मात्र जवळपास १० टक्के उंच गिअरची होते, म्हणजे चाकावरचा जोर जवळपास तेवढा घटतो, ३१ घातला तर १८ टक्के. जिथे आधीच क्लच जळत होता तिथे हा बदल एकट्याने केला असता तर चढण चढलीच नसती. टायर बदलताच ट्रान्सफर केसचा विषय निघतो, तो असा.

ओढ्यातले गोटे आम्ही टेपने मोजले. नेहमीच्या वाटेवर ३३ मिलिमीटर पुरत होते. ३१ इंची टायरसाठी गाडी उचलणं, फेंडर कापणं, अ‍ॅक्सलवर वाढीव ताण हे सगळं मागे लागतं, आणि मिळकत आणखी २७ मिलिमीटरची. तो आकडा यादीतून गेला. मालकाला जरा वाईट वाटलं, पण टेप त्याच्याच हातात होता.

डब्याचे तीन मार्ग

जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. मध्ये आखूड प्रोपेलर शाफ्ट, आणि डबा चॅसीवर रबरी माउंटवर स्वतंत्र लटकलेला. गिअरबॉक्सला हात न लावता तो खाली घेता येतो. या गाडीतली ही रचना मला फार आवडते. एक डबा बदलला की पुढचा आणि मागचा दोन्ही अ‍ॅक्सल एकाच वेळी लो होतात.

मुंबई परिसरातल्या जिप्सीवाल्यांना माहीत असलेला मार्ग म्हणजे जुन्या एमजी ४१०चा डबा. भारतात जिप्सी १९८५ मध्ये आली ती ९७० सीसीच्या लहान इंजिनासह, त्यामुळे तिच्या डब्याचे गिअर खालचे होते: हाय १.५८०, लो २.५११. ४१३च्या तुलनेत हाय १२ टक्के आणि लो साधारण ११ टक्के खाली. २३५ टायर १० टक्के वर नेतो, हा डबा तेवढंच परत आणतो. हिशेब सुंदर बसतो: ८५० फेऱ्यांना पुन्हा ताशी ३.३ किलोमीटर. ज्यांना ३१ टायरच हवेत त्यांच्यासाठीही माहिती असावी. ४१०चा डबा आणि ४१०चेच ४.१११ रेशोचे क्राऊन-पिनियन दोन्ही अ‍ॅक्सलना घातले तर हायमध्ये गुणाकार १.१८ येतो, म्हणजे ३१ इंची टायरची बरोबर भरपाई.

पण भरपाई म्हणजे सुधारणा नव्हे. आमच्या गाडीला या मार्गाने मूळ वेग परत मिळाला असता, आणि चढणीवर क्लच मूळ गाडीतही जळतच होता. तरी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक जुना डबा पाहून आलो. लोचे कुत्रे, म्हणजे गिअर अडकवणारे दाते, कडांना गोल झाले होते. असा डबा भार आला की लोमधून सुटतो, आणि उतारावर सुटला तर गाडी मोकळी धावते. जुना डबा घेताना झाकण काढून हे दाते आणि गिअरच्या अंगावरचे खड्डे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. फ्लँजचे बोल्ट आणि माउंटचे कानही आपल्या डब्याशेजारी ठेवून जुळवावेत.

दुसरा मार्ग नुसते क्राऊन-पिनियन बदलण्याचा. ३.९०९ वरून ४.१११, म्हणजे फायदा ५ टक्के. त्यासाठी दोन्ही हाऊसिंग उघडा, शिम, म्हणजे पातळ चकत्या, लावून पिनियनची खोली बसवा, निळा रंग लावून दात कुठे टेकतात ते पाहा, बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली ढिलाई, मोजा. खर्च दुप्पट, मिळकत निम्मी, वर ९ दात्यांचं पिनियन अंगाने बारीक. माझ्या दृष्टीने हा मार्ग एकट्याने कधीच घेण्यासारखा नाही.

तिसरा, यादीतलाच. ४१३चाच डबा बाहेरच्या देशांत सामुराई नावाच्या भावंडात होता, आणि तिथले लोक त्यात लोचा ४.१६ रेशो देणारा संच घालतात. हाय मात्र ४१०इतकाच, १२ टक्के खाली. गुणाकार ५९.४ होतो. २३५ टायरवर ८५० फेऱ्यांना ताशी २ किलोमीटर. ४५०० फेऱ्या आता ताशी साडेदहाला येतात. याहून मला महत्त्वाचं वाटलं ते असं की या संचावर लो-सेकंडचा गुणाकार ३१.७ येतो, म्हणजे जुना लो-फर्स्ट जवळपास तसाच हाताशी राहतो आणि त्याच्या खाली एक नवा गिअर मिळतो. लो-फोर्थ साधारण जुन्या लो-सेकंडला भिडतो. काही गमवावं लागत नाही.

मालक म्हणाला, "दादा, मग तुमच्याच कारखान्यात कापून घेऊ की." दाते कापणं मला जमतं. अडचण वेगळी आहे. डब्यातल्या दोन शाफ्टमधलं अंतर ठरलेलं असतं. रेशो वाढवायचा तर एक गिअर मोठा आणि जोडीचा लहान करावा लागतो. लहान गिअरचे दाते १७ च्या खाली गेले की २० अंशाच्या साध्या दात्यात मुळाशी कातर पडते आणि दाता तिथूनच तुटतो. ती टाळायला दात्याचा आकार सरकवावा लागतो, मग उष्णता-प्रक्रिया, त्यात गिअर वाकडा होतो म्हणून पुन्हा ग्राइंडिंग. शंभर नग असतील तर परवडतं. एका नगासाठी खर्च परदेशी संचाच्या पुढे जातो, आणि तो भाराखाली टिकेल याचा पुरावा कुणाकडेच नसतो. उतारावर माणसं बसलेली असताना तपासायची ही गोष्ट नव्हे.

संच मागवायचं ठरलं. सीमाशुल्क धरूनही तो दोन लॉकरपेक्षा बराच स्वस्त पडत होता.

अ‍ॅक्सल तुटतो कशाने

सगळीकडे ऐकू येतं की गिअर खाली नेले की अ‍ॅक्सल तुटतात. गणित करून पाहू. ५९.४ गुणिले १०३ म्हणजे कागदावर ६१०० न्यूटन-मीटरच्या वर. आता टायर किती घेऊ शकतो? गाडी आणि माणसं मिळून १२०० किलो धरा, कोरड्या खडकावर पकड ०.८, चाकाची त्रिज्या ०.३६७ मीटर. चारही चाकं मिळून साधारण ३४५० न्यूटन-मीटर. त्यापुढे चाक घसरतं. म्हणजे इंजिन कितीही देऊ शकत असलं तरी शाफ्टवर येणारा भार ठरवतो टायर आणि वजन. मोठा टायर, जास्त पकड, जास्त सामान यांनी अ‍ॅक्सलवरचा भार वाढतो. नुसत्या खालच्या गिअरने वाढत नाही.

याला दोन अपवाद आहेत आणि ते नीट समजून घ्यावेत. एक, चाक दोन खडकांत अडकलं की ते घसरू शकत नाही. तेव्हा टायरची मर्यादा संपते आणि इंजिनाची सुरू होते, म्हणून अडकलेल्या चाकावर अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा नाही. दोन, धक्का. हवेत गरगर फिरणारं चाक अचानक खडकाला टेकलं की शाफ्टला स्थिर भाराच्या कितीतरी पट फटका बसतो. वेगाने चढणारी गाडी असे फटके सतत खाते. खालचा गिअर वेग काढून घेतो आणि त्यासोबत हे फटकेही. माझं मत ठाम आहे: सांभाळून चालवणाऱ्याच्या हातात खालचा डबा अ‍ॅक्सलचं आयुष्य वाढवतो.

पण त्यासाठी मुळात अ‍ॅक्सल धड हवा. संच यायच्या आधीच तुर्भ्याच्या मिस्त्रींकडे दोन्ही अ‍ॅक्सल उघडले, आणि या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट तिथे सापडली. मागच्या डाव्या शाफ्टच्या स्प्लाइन, म्हणजे टोकाच्या लांब खाचा, सरळ नव्हत्या. टोकाकडे त्या किंचित तिरक्या गेल्या होत्या, पिळलेल्या दोरीसारख्या. पोलाद एकदा असं पिळलं गेलं की ते मागे येत नाही. पुढच्या मोठ्या फटक्याला तिथूनच तुटतं. आधीच्या मालकाने मोठे टायर वापरले असावेत, याच्या खुणा फेंडरच्या आत दिसत होत्या. मिस्त्री म्हणाले, "साहेब, ही अजून वर्षभर चालेल." चालली असती, शहरात. ओढ्याच्या मधोमध तुटली असती तर गाडी पाण्यात आणि वर पाऊस. दोन्ही मागच्या शाफ्ट मूळ प्रकारच्या नव्या घेतल्या. त्या लेथवर सेंटरमध्ये धरून डायल लावून फिरवल्या, वाक नाही हे पाहून मगच बसवल्या. हाऊसिंगही दोरी लावून तपासलं, सरळ होतं.

मागच्या ऑइल सीलमधून तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलं होतं. सील, बेअरिंग आणि ब्रेक-शू बदलले. मोठ्या चाकाने रस्त्याशी मिळणारा ब्रेकचा जोर त्याच प्रमाणात, म्हणजे ९ टक्क्यांच्या आसपास घटतो. टायर मोठे करणारे हे विसरतात. तेलकट ड्रमवर हा बदल करणं धोक्याचं होतं.

पुढचा अ‍ॅक्सल वेगळी काळजी मागतो. तिथे चाक ज्यावर वळतं त्या भागात, स्टिअरिंग नकलमध्ये, गोळ्यांचा सांधा असतो, बिरफील्ड. चाक पूर्ण वळलेलं असताना तो सर्वांत कमजोर असतो. आमच्या सांध्यांत कटकट नव्हती, गोळ्यांच्या खाचांत बारीक खड्डे होते पण चालण्याजोगे. आतलं सील गेल्यामुळे गिअर ऑइल आणि ग्रीस एक झालं होतं. सगळं धुऊन नवीन सील, नवीन ग्रीस, किंगपिनची बेअरिंग नवीन. मजबूत पोलादाच्या पुढच्या शाफ्टचा विषय निघाला, मी नको म्हटलं. २३५ टायर आणि उघडं डिफरन्शियल असताना मूळ शाफ्ट पुरतात. मालकाला एकच नियम सांगितला: स्टिअरिंग पूर्ण कापलेलं असताना लोमध्ये रेस द्यायची नाही. आधी चाक सरळ करायचं, गरज पडली तर मागे घ्यायचं.

ब्रीदरकडे, म्हणजे हाऊसिंगच्या हवा जाण्या-येण्याच्या भोकाकडे, कुणी बघत नाही, म्हणून लिहितो. चालून तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि पाणी सीलमधून आत ओढलं जातं. मागच्या हाऊसिंगचं तेल चहाच्या रंगाचं निघालं ते यामुळेच. दोन्ही अ‍ॅक्सल आणि डबा यांच्या ब्रीदरना रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेली. खर्च नगण्य, आणि कोकणपट्टीतल्या पावसात या कामाला तोड नाही.

लॉकर आणि उचल का थांबवली

मागच्या अ‍ॅक्सलला लॉकर घातला की एक चाक हवेत असताना त्या अ‍ॅक्सलचा सगळा टॉर्क उरलेल्या एका शाफ्टवर येऊ शकतो. ज्या गाडीत नुकतीच एक पिळलेली शाफ्ट सापडली तिथे आधी नव्या शाफ्ट आणि नव्या गिअरवर एक पावसाळा काढावा असं माझं म्हणणं पडलं. शिवाय आपोआप अडकणारा स्वस्त लॉकर ओल्या डांबरावर वळणात गाडी सरळ ढकलतो. मामाच्या शेताचा रस्ता म्हणजे पावसातला मुरबाड रस्ता, कधी पुढे माळशेजचा घाट. घरातली माणसं गाडीत असताना ते नको. एक चाक लोंबकळलं तर मागचा हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून ठेवायचा. मोकळं चाक आवळलं जातं आणि टेकलेल्या चाकाला जोर मिळतो. लोच्या इतक्या खालच्या गिअरमध्ये इंजिन तो ब्रेक सहज ओढतं.

पाटे वर बसवण्याचं तर काहीच कारण उरलं नव्हतं. गाडी उंच झाली की प्रोपेलर शाफ्टचे कोन वाढतात, शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस लवकर जातात, आणि पाटा अ‍ॅक्सलच्या वर असला की लोमध्ये जोर देताना अ‍ॅक्सल स्वतःभोवती पीळ घेतो. खालचा डबा घालून हे करणं म्हणजे तो पीळ आणखी वाढवणं. २३५ टायर पूर्ण वळणावर किंचित घासत होता तेवढ्यापुरतं शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी पट्टी, थोडं लांब केलं. पुढचं शॅकल फार लांब केलं की कॅस्टर, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाचा मागे असलेला कल, कमी होऊन स्टिअरिंग भटकतं, म्हणून तिथे हात आखडता घेतला.

कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतले तपशील मूळ कंपनीच्या नोंदींहून वेगळे होतील असा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे कडकपणे सांगितलं आहे. ट्रान्सफर केसच्या रेशोची आरसीवर नोंद नसते, तरी विमा कंपनीला बदल लेखी कळवला. टायरच्या मापाचा प्रश्न मात्र खरा आहे. मालकाने सरळ मार्ग घेतला: रस्त्यावर मूळ मापाचे टायर, आणि जाड नक्षीच्या २३५ ची चारही चाकं मामाच्या गोठ्यात. शेतावर पोहोचलं की चाकं बदलायची. याची किंमत आहे. मूळ टायरवर पाचव्या गिअरला ताशी ८० ला पूर्वी २७८० फेऱ्या होत्या, आता ३१२० होतात. आवाज वाढला, पेट्रोलही थोडं वाढलं. घाटात मात्र गाडी चौथ्यात ओढते. स्पीडोमीटर डब्याच्या बाहेरच्या शाफ्टवरून चालतो, त्यामुळे डबा बदलून तो चुकत नाही. २३५ टायरवर तो कमी दाखवतो, पण ते टायर रस्त्यावर येतच नाहीत.

येऊरकडे किंवा दुसऱ्या कुठल्या जंगलात हौस म्हणून नेऊ का, असंही त्याने विचारलं. येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं. तिथे वाट सोडून चाक घालायचं नाही, हे मी त्याला डब्याच्या चर्चेइतक्याच गंभीरपणे सांगितलं.

काम आणि त्यानंतर

डबा खाली उतरवून बेंचवर उघडला. बेअरिंग आणि सील सगळी नवीन. नवा मोठा गिअर डब्याच्या आतल्या भिंतीला एका ठिकाणी अगदी जवळ येत होता, तिथे घासून जागा केली आणि डबा पुन्हा पुन्हा धुतला, कारण अ‍ॅल्युमिनियमचा एक कण बेअरिंगमध्ये गेला तर सगळी मेहनत वाया. बंद करण्याआधी इनपुट हाताने फिरवून लोचा रेशो मोजला, चार फेऱ्यांच्या थोडं पुढे आउटपुटची एक फेरी. जुनी माउंटची रबरं भेगाळली होती. तीही बदलली, कारण खालच्या गिअरचा उलटा जोर डबा पेलतो तो या रबरांवरच. सुरुवातीचे काही दिवस हलक्या हाताने चालवून तेल बदललं. काढलेल्या तेलात चुंबक फिरवल्यावर बारीक राखाडी लेप मिळाला, कण नव्हते. नव्या गिअरला एवढं अपेक्षित असतं.

मृगाच्या आधी चढणीवर गेलो. लो-फर्स्ट, क्लच पूर्ण सोडलेला, अ‍ॅक्सिलरेटर नावापुरता. पहिल्या पायरीला पुढचं चाक टेकलं, क्षणभर गाडी थबकली, मग चाकाने पायरीवर स्वतःला ओढून घेतलं. वर पोहोचेपर्यंत मालकाचा डावा पाय जमिनीवर होता. मामा वरून बघत उभे होते. त्यांनी विचारलं, "गाडी बंद पडली होती का रे मध्ये? आवाजच आला नाही."

उतरताना ब्रेक लावावा लागला नाही. ओल्या मुरमावर ब्रेक म्हणजे घसरण, त्यामुळे चढण्यापेक्षा मला या उतरण्याचं मोल अधिक वाटलं. ओढ्यात गोळा नेहमीच्या गोट्यांवरून मोकळा गेला, एका गोट्याला घासला, पण त्या वेगाला घासणं म्हणजे नुसता आवाज. जुलैच्या चिखलात लो-फर्स्ट उपयोगाचा नाही, तिथे चाक फिरून खाचा मोकळ्या व्हाव्या लागतात. मालक आता खाचरात लो-थर्ड वापरतो आणि नक्षी आपलं काम करते. एकदा दोरी लावून बाहेर काढावं लागलं, बांध फुटून पाणी आलं होतं तेव्हा. त्या दिवशी लॉकर असता तरीही निघाली नसती. चारही चाकं तरंगत होती.

पावसाळा संपताना मागची ड्रम उघडून पाहिली, कोरडी होती. हाऊसिंगचं तेल स्वच्छ. शाफ्टच्या स्प्लाइनवर मिस्त्रींनी बसवताना पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढली होती, पीळ आला तर रेघ तिरकी दिसेल म्हणून. ती सरळ आहे. पुढच्या डाव्या नकलमध्ये बेअरिंगचा किंचित प्ले आला, शिम काढून घट्ट केला. मागच्या अ‍ॅक्सलला हवेवर चालणारा, हवा तेव्हाच अडकणारा लॉकर घालायचा का, ते दिवाळीनंतर पुन्हा ती रेघ पाहून ठरेल. मालकाचा कल घालण्याकडे आहे, माझा आणखी एक पावसाळा थांबण्याकडे.